विराटाचे भय आणि पडद्यावरचा काळोख



शंभर वर्षांच्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून भयपटांविषयी बोलण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि ‘तांब्यांवर बोला की’ असे सुचवले. ग्वाल्हेरात ही सूचना रास्तच म्हणायची. तांब्यांकडे मी येणार आहे, पण थोडा वळसा घालून.

इंग्रजीत ज्याला ‘कॉस्मिक हॉरर’ म्हणतात, त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘वैश्विक भय’ म्हणावे, तर ‘वैश्विक’ हा शब्द अलीकडे व्यापार आणि तापमानवाढ यांच्या दिमतीला गेला आहे. मी आपला ‘विराटभय’ म्हणतो. आपल्या परिचयाच्या भुताखेतांच्या गोष्टींत भूत काही ना काही हिशेब चुकता करायला आलेले असते. हडळीला सूड घ्यायचा असतो, समंधाची वासना अपुरी राहिलेली असते, मुंजाला पिंपळ सोडवत नाही. म्हणजे भूत आपल्याला ओळखते. त्याच्या लेखी आपल्याला काही किंमत असते. विराटभयात समोरची शक्ती आपल्याला ओळखतच नाही. वारुळावरून रेल्वेचा रूळ टाकला जावा आणि मुंग्यांनी त्यात आपला काय अपराध झाला याचा शोध घेत बसावे, तशी त्यात माणसाची स्थिती असते.

या प्रकाराचा आद्य लेखक म्हणून अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स गावच्या हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याचे नाव घेतले जाते. स्वस्त मासिकांत लिहिणारा, हयातीत फारसा कोणाला ठाऊक नसलेला हा गृहस्थ. परक्या वंशांविषयीचा त्याचा तिरस्कार त्याच्या कथांतून उघड डोकावतो आणि तो झाकून त्याची स्तुती करण्याचे काही कारण नाही. मात्र एका गोष्टीसाठी ग्रंथालयाच्या सभासदांनी त्याची दखल घ्यावी. त्याच्या सृष्टीत सर्वांत घातक वस्तू एक पुस्तक आहे. ‘नेक्रोनॉमिकॉन’ नावाचा तो ग्रंथ त्याने कल्पनेने रचला आणि एका काल्पनिक विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुलपात ठेवला. पुढे वाचकांनी खऱ्याखुऱ्या ग्रंथालयांत जाऊन त्याची मागणी केल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. वाचनाने माणूस शहाणा होतो असे आपण शंभर वर्षे सांगत आलो. वाचनाने माणसाला वेड लागू शकते असे हा लेखक सांगतो, आणि तरीही त्याचे वाचक वाढतच गेले.

असे का व्हावे? भय ही तर नकोशी गोष्ट. आपल्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी हाताळला आहे. अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया उलगडताना भयानकाचे जे उदाहरण घेतले, ते ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले: दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत धावणारे हरिण. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ते भय ‘माझे’ उरत नाही आणि ‘त्या हरणाचे’ही उरत नाही, देश, काळ आणि व्यक्ती यांची बंधने गळून निखळ भय तेवढे आस्वादाला येते. हे विवेचन मला आजही पटते. परंतु त्यात एक आलंबन आहे. बाण आहे, रथ आहे, राजा आहे. ज्याचे आलंबनच आकारात मावत नाही, त्या भयाचे काय करायचे?

चित्रपटापुढे हाच पेच असतो. लेखकाला ‘अवर्णनीय’ असा शब्द लिहून सुटता येते. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावेच लागते, आणि दाखवले की ते आटोक्यात येते. चांगल्या दिग्दर्शकांनी यावर आपापल्या वाटा काढल्या. तारकोव्हस्कीने ‘सोलारिस’मध्ये (१९७२) एक अथांग समुद्र दाखवला. तो माणसांच्या आठवणींना देह देतो, पण का देतो हे कधीच सांगत नाही. जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’मध्ये (१९८२) अंटार्क्टिकातील तळावर आलेल्या जीवाला स्वतःचे रूपच नाही; ज्याला तो गिळतो त्याचे रूप घेतो. शेवटी बर्फात दोन माणसे समोरासमोर बसलेली आहेत आणि समोरचा माणूसच आहे की नाही हे दोघांनाही ठाऊक नाही. त्याच महिन्यात स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ प्रदर्शित झाला होता. आकाशातून आलेल्या लाघवी पाहुण्याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले आणि कार्पेंटरच्या चित्रपटाकडे पाठ फिरवली. आज मात्र तो या प्रकारातील मानदंड समजला जातो. या चित्रपटांची गोडी सावकाश लागते. पहिल्या भेटीत माणूस सांत्वन शोधतो. ते मिळत नाही म्हणून तो चिडतो, आणि काही वर्षांनी त्याच जागी परत येतो. मला वाटते, खोटे सांत्वन न मिळाल्याबद्दल कुठेतरी तो कृतज्ञ असतो.

आता आपल्याकडे वळू. विराटाचे भय आपल्याला नवे नाही. गीतेचा अकरावा अध्याय काय आहे? अर्जुन हौसेने विश्वरूप पाहायला मागतो आणि ते दिसताच थरकापतो. योद्धे त्या मुखांत नद्यांसारखे, दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांसारखे शिरताना त्याला दिसतात. पण पुढे तो हात जोडून पहिले सौम्य रूप मागतो, आणि ते त्याला मिळते. ज्ञानदेव तर या अध्यायाच्या आरंभीच शांत आणि अद्भुत हे रस एकत्र आल्याचे सांगतात. भयानकाला यजमानपण देण्याची त्यांची तयारी नाही. हीच आपली रीत झाली. याच नगरात राहिलेल्या आणि १९४१ साली येथेच देह ठेवलेल्या भास्कर रामचंद्र तांब्यांनी मृत्यूलासुद्धा इतके कोवळे रूप दिले की त्याची भीती वाटू नये. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि मराठीला विज्ञानकथेची नवी वाट सापडली. पण त्यांच्या आकाशात कुतूहल आहे, धाक नाही. आपल्या किल्ल्याच्या कड्यातील जैन मूर्ती पाहा. तोमरांच्या काळात कोरलेल्या, सर्वांत उंच मूर्ती पन्नास फुटांहून मोठी. तिच्या पायाशी उभे राहिले की माणूस मुंगीएवढा होतो, तरी भय वाटत नाही, कारण त्या विराटाला चेहरा आहे आणि तो चेहरा शांत आहे. मला कधीकधी वाटते, त्याच किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखातले शून्य अधिक भयावह आहे. तिथे ते बागेची मापे आणि फुलांच्या माळा मोजण्याच्या कामी आले आहे; शून्यालाही आपण कामाला लावले!

चेहरा नसलेल्या विराटाकडे मराठीतून पाहिले कोणी? पटकन नाव येते नारायण धारपांचे (१९२५–२००८). त्यांच्या कथांतून पलीकडच्या मितींतून येणाऱ्या, माणसाशी काही देणेघेणे नसलेल्या शक्ती आहेत. अर्थात त्यांनीही ‘समर्थ’ नावाचा रक्षणकर्ता निर्माण करून वाचकाच्या हाती अंगाऱ्याची पुडी दिलीच. समीक्षकांनी धारपांना वाङ्मयेतिहासात ओसरीवरही बसू दिले नाही, आणि वाचकांनी त्यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत वाचली. कोणत्याही मराठी ग्रंथालयात सर्वाधिक वेळा बांधणीला गेलेली पुस्तके कोणती, हे ग्रंथपालांना विचारावे.

या धारपांच्या ‘आजी’ कथेने राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला बीज पुरवले. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकलेली धारपांची कथा मनातून गेली नाही, असे बर्वे यांनी सांगितले आहे. पहिला मसुदा १९९७ चा, वयाच्या अठराव्या वर्षीचा. चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. मधल्या काळात चित्रीकरण झाले, ते मनासारखे उतरले नाही म्हणून पुन्हा झाले. नाव घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, पण कथानकाचा त्या कादंबरीशी संबंध नाही. ‘आजी’चे मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे, आणि त्या कथेतील म्हातारी ज्या शक्तींना हाक घालते त्यांत ‘हास्टर’ हे नाव येते. हे नाव अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एकोणिसाव्या शतकातील कथेत मेंढपाळांच्या दयाळू देवाचे होते. पुढे चेंबर्स, मग लव्हक्राफ्ट असे हातोहात जाताना ते काळवंडत गेले आणि अखेरीस कोकणातल्या पावसात ‘हस्तर’ होऊन अवतरले. इतक्या जणांच्या उसनवारीतून आलेली वस्तू अशी अस्सल आपली व्हावी, याचे मला नवल वाटते.

चित्रपटातील पुराणकथा रचलेली आहे, पण ती आजीने सांगितल्यासारखी वाटते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने आईचे सोने घेतले आणि धान्यावर हात टाकला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, ते एका अटीवर: त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचे नाव विस्मृतीत जाईल. तो तिच्या गर्भात निजून राहिला. सोने त्याच्यापाशी आहे, अन्न नाही. १९१८ मध्ये लहान असलेला विनायक मोठेपणी त्या वाड्यात परततो आणि रीत शिकतो: विहिरीतून खाली त्या गर्भात उतरायचे, पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली पुढे करायची, आणि भुकेला देव तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातील मोहरा ओढून घ्यायच्या.

माझ्या मते ‘तुंबाड’चे खरे सामर्थ्य इथे आहे. लव्हक्राफ्टच्या कथेत विराट दिसले की माणसाची बुद्धी फुटते. विनायकाची फुटत नाही. तो दोर मजबूत आहे की नाही ते पाहतो, पीठ मळतो, वर येऊन मोहरा मोजतो आणि पुण्याला जाऊन त्या मोडतो. देवाच्या आईच्या उदरात उतरणे हा त्याचा फेरीचा धंदा होतो. पुढे तो मुलालाही त्या धंद्यात घालतो. आपण बाप मुलाला दुकानाची गल्ल्याची किल्ली देतो, तसे. समोर केवढे अघोरी, अनादी काही आहे याची जाणीव त्याला राहिलेलीच नाही. तिची जागा बेरजेने घेतली आहे. वेड लागण्यापेक्षा ही सवय मला अधिक भयंकर वाटते. शिक्षा येते तीही हिशेबाच्याच वाटेने: एक बाहुली नेली तर एक हस्तर, मग अधिक मिळवण्यासाठी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना आठवत असेल; ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी मी ते राखून ठेवतो.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला यातले काहीच परके नाही. ‘गंगाजळी’ हा शब्द उभ्या महाराष्ट्रात शिलकीच्या अर्थाने वापरतात. आपल्याकडे तो शिंदे सरकारांच्या खजिन्याचा शब्द आहे. किल्ल्यातील गुप्त तळघरे, त्यांचा फक्त राजाला ठाऊक असलेला ‘बीजक’, १८५८ ते १८८६ किल्ला इंग्रजांच्या हाती असताना आत अडकलेले द्रव्य, आणि त्याच १८८६ साली जयाजीरावांचे वारसाला ठावठिकाणा न सांगता झालेले निधन, या कथा आपण लहानपणी अंथरुणात ऐकल्या. त्या ऐकताना खजिना हवासा वाटत असे आणि तळघर नकोसे. ‘तुंबाड’ या दोन्ही भावनांना एकाच दोराने खाली सोडतो.

पण आपल्या मातीतला विराटभयाचा मोठा कवी आपण हिंदीला देऊन बसलो. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपुरास, म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानात, मराठी घरात जन्मले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, थोरल्यांनी हिंदी निवडली. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ कवितेत ओसाड बावडीच्या काळ्या पाण्यात एक विद्वान प्रेतात्मा स्वतःचा मळ घासत राहतो आणि तो मळ निघत नाही. ज्ञान आहे, पण ते कोणाला देता आले नाही, हे त्याचे दुःख. चित्रपटवाल्यांपैकी मणी कौल यांनी ‘सतह से उठता आदमी’मध्ये (१९८०) मुक्तिबोधांच्या जगात शिरण्याचा प्रयत्न केला. तो पाहणारे मूठभरच निघाले.

‘तुंबाड’चेही २०१८ साली काहीसे असेच झाले होते. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला, तरी इथल्या चित्रपटगृहांत गर्दी बेताचीच होती. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. तो पाहून माझ्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. आडनाव मराठी, घर लष्करातल्या जुन्या गल्लीत, घरातली बोली हिंदी. त्याने विचारले, ‘सर, ये धारप कौन थे?’ आपल्या पाठ्यक्रमाने तीस वर्षांत जे साधले नाही ते या हस्तराने साधले. मी त्याला ग्रंथालयाचा अर्ज भरायला लावला. धारपांचे एक जुने, दोनदा बांधलेले पुस्तक त्याने नेले. लिपी परिचयाची, भाषा अर्धीमुर्धी. तो अडखळत, पेन्सिलीने खुणा करत वाचतो आणि शब्दांची यादी घेऊन येतो. मागच्या खेपेला यादीत ‘माजघर’ होते. सांगून समजेना, तेव्हा मी कागदावर आमच्या जुन्या वाड्याचा नकाशा काढला: ओसरी, पडवी, माजघर, देवघर, आणि धान्य साठवायचे बळद. तो बराच वेळ बळदाच्या चौकोनावर बोट ठेवून होता. मग त्याने मराठीत विचारले, ‘आणि याच्या खाली?’