चुन्याची रेघ

स्नातक मित्रमैत्रिणींनो, तुम्ही ज्या भूमापनाच्या क्षेत्रात उतरत आहात तिथे मोजणी दिवसेंदिवस स्वस्त होत चालली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय संस्थांसाठी नकाशे बनवण्यावरची पूर्वपरवानगीची अट काढली. जुलै २०२५ मध्ये झेपावलेला निसार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परततो आणि जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही टिपू शकतो. चित्रांतून घरं, रस्ते वेगळे काढण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. माझं म्हणणं असं, की यापुढे या व्यवसायाची पत नकाशावरच्या रेघेची जबाबदारी कोण घेतो यावर ठरणार आहे.

आपली गावठाणंच घ्या. इंग्रजी अमदानीतली मोजणी शेतसाऱ्यासाठी झाली. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून बहुतेक ठिकाणी घरांची मोजणी झालीच नाही. शेताला सातबारा मिळाला, राहत्या घराला ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा तेवढा. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना ही उणीव ड्रोनने भरून काढते आहे आणि ते काम मोलाचं आहे. पण ड्रोन उडण्याआधी गावात जे घडतं ते नीट पाहा. मिळकतदार आपापली हद्द दाखवतात आणि तिच्यावर चुन्याची रेघ मारली जाते. ड्रोन ती वरून टिपतो, उपग्रह-संकेतांतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कॉर्स केंद्रांच्या जाळ्यामुळे तिचं स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत नेमकं मिळतं. रेघ मुळात चुकीच्या जागी मारलेली असेल, तर चूकही तितक्याच नेमकेपणाने नोंदली जाते. कोकणातल्या कौलारू घराची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर येते. आकाशातून छप्पर दिसतं, वाद मात्र भिंतीचा आणि पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात याचा असतो.

यंत्र हेही शिकेल, असं कुणी म्हणेल. छपरावरून भिंतीचा अंदाज बांधायला ते जरूर शिकेल. पण दोन भावांतली तोंडी वाटणी कुठल्याच चित्रात उमटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कागदाविना घरावर कर्ज मिळत नाही, मग घरोघरच्या चौकशीपायी गावांनी किती थांबायचं? थांबू नयेच. चित्रं जोडणं, कच्चा नकाशा काढणं यंत्राकडे सोपवा आणि वाचलेला वेळ चौकशीला द्या. मोजणीच्या दिवशी मुंबईला कामावर असलेला भाऊ किंवा हिस्सा मागायला कचरणारी विधवा सुटली, तर मालमत्ता पत्रकावर चढलेली चूक निस्तरायला अपील आणि कोर्टकचेरी करावी लागते. ती नेमकी त्यांनाच परवडत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या अशा कामांच्या निविदा भराल. त्यांत जागेवरच्या पडताळणीचा खर्च वेगळा मांडा, आणि तो कापायला सांगितलं तर काम नाकारा.