रिकाम्या खोऱ्याची गोष्ट

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे जाणारी एक संथ रेल्वे आहे. इन्व्हर्नेसहून निघालेली ही गाडी हेल्म्सडेल या बंदराच्या गावी समुद्राची साथ सोडते आणि आत डोंगरांकडे वळते. पुढचं स्टेशन किल्डोनन. गार्डला आधी सांगितलं, तरच गाडी तिथं थांबते. मी सांगितलं होतं. मी उतरलो, गाडी गेली आणि फलाटावर मी एकटाच उरलो.

समोर नदी, दोन्ही अंगांना उघडे डोंगर, त्यावर मेंढ्या. माणसाचा हात न लागलेला निसर्ग तो हाच, असं मनात आलं. पण थोडं चाललो आणि गवतात दगडांच्या चौकटी दिसू लागल्या. ते घरांचे पाये होते.

किल्डोनन हे एका पॅरिशचं नाव. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. शाळा, गरिबांना मदत, लग्नाच्या नोंदी, सारं पॅरिशच्या आधारानं चाले. किल्डोननच्या खोऱ्यात नदीकाठानं छोट्या छोट्या वाड्या होत्या. लोक गेलिक बोलत, ओट आणि बार्ली पिकवत, उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या कुरणांत नेत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली ही जमीन कागदोपत्री मात्र सदरलंडच्या काउंटेसची होती.

आता शिरगणतीचे आकडे पाहा. १८११ साली या पॅरिशमध्ये १,५७४ माणसं होती. १८२१ साली उरली ५६५ आणि १८३१ साली फक्त २५७. दुष्काळानं किंवा साथीनं ती गेली नव्हती. मेंढपाळीचा मोठा धंदा करणारे लोक कुळांपेक्षा कितीतरी जास्त खंड द्यायला तयार होते. म्हणून १८१३ ते १८१९ या काळात खोरं रिकामं करण्यात आलं.

लोकांनी १८१३ साली विरोध केला, तेव्हा सैन्य आणलं गेलं. त्याच वर्षी शंभरेक जण कॅनडाच्या जहाजात बसले आणि पुढे रेड नदीकाठी जाऊन वसले. विनिपेग शहराच्या काही भागांना आजही किल्डोनन हेच नाव आहे. बाकीच्यांपैकी अनेकांना किनाऱ्यावर जमिनीचे लहान तुकडे देऊन हेरिंग मासे पकडायला सांगण्यात आलं. नांगर धरणाऱ्या हातांना जाळं धरावं लागलं.

पुढे १८६९ साली इथल्या ओढ्यांत सोनं सापडल्याची बातमी पसरली. शेकडो लोक परवाने काढून आले, तंबू-झोपड्यांची वस्ती उभी राहिली. पण वर्ष सरता सरता जमीनमालक ड्यूकनं खोदकाम बंद केलं आणि खोरं पुन्हा मेंढ्यांचं झालं.

हेल्म्सडेलला २००७ साली उभारलेला एक पुतळा आहे. घर सोडून निघालेलं कुटुंब. पुरुष पुढे पाहतो आहे. तान्हं मूल कवेत घेतलेली बाई मात्र मागे वळून खोऱ्याकडे पाहते आहे. तिच्या नजरेच्या दिशेनं मीही पाहिलं. कालच पाहिलेले ते सुंदर डोंगर आता मला तसे दिसेनात. तेव्हापासून कुठलाही निवांत, निर्मनुष्य मुलूख पाहिला, की पहिला प्रश्न मनात येतो : इथं पूर्वी कोण राहत होतं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)