‘हो साहेब’ म्हणण्याची किंमत

(महाड येथे औद्योगिक वसाहतीतील पर्यवेक्षक, शिकाऊ उमेदवार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



पावसाळ्यात महाडला आलेला पाहुणा डोक्यावरच्या आभाळाकडे पाहतो. महाडकर मात्र दोन प्रश्न विचारतो. महाबळेश्वरला पाऊस किती झाला? आणि भरती कधीची आहे? सावित्री उगम पावते ती वर महाबळेश्वरी आणि सागराला मिळते ती खाली बाणकोटला. वरून येणारा लोंढा आणि खालून चढणारी भरती यांची एकाच वेळी गाठ पडली की बाजारपेठेत पाणी शिरते, हे ज्ञान त्याला कोणत्याही वर्गात मिळालेले नसते. २२ जुलै २०२१ चा महापूर आपण सर्वांनी अनुभवला. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दिवसाची आठवण काढताना आजही शब्द थिजतात.

नदी एकच, पण पाहुण्याला ती वेगळी दिसते आणि महाडकराला वेगळी. कारखान्याचेही असेच असते, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

रसायनाच्या एकाच रिअ‍ॅक्टरभोवती चार माणसे उभी असतात. व्यवस्थापकाला त्यात माल रवाना करण्याची तारीख दिसते. पुण्या-मुंबईहून आलेल्या अभियंत्याला तापमान आणि दाब यांचे आकडे दिसतात. परप्रांतातून आलेल्या कंत्राटी कामगाराला महिनाअखेर घरी पाठवायची रक्कम दिसते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून पहाटेची गाडी पकडून आलेल्या तरुणाच्या मनात त्याच वेळी भाताची लावणी घोळत असते. यातला कुणीही खोटा नाही. प्रत्येकाला सत्याचा एकेक तुकडा दिसतो आहे, एवढेच.

गणपतीच्या रजेचेच पाहा. चार दिवस न आलेल्या माणसासमोर हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. त्याच्या दृष्टीने मुंबईचे भाऊबंद वर्षातून ज्या दिवसांत एकत्र येतात, त्या दिवसांत घरी नसणे म्हणजे गावकीतून उठणे. ‘कोकणी माणूस कामचुकार’ असे एकाने म्हणावे आणि ‘साहेबाला माणुसकी नाही’ असे दुसऱ्याने, यातून काय साधते? शहाणा व्यवस्थापक आषाढातच कामगारांना बोलावून घेतो आणि पाळ्या त्यांच्याकडूनच लावून घेतो. मग रजाही मिळते आणि यंत्रही चालू राहते.

शिकण्याचीही आपल्याकडे एक रीत होती. महाड-पोलादपूरच्या घराघरांतून माणसे गिरणगावात गेली. नवखा मुलगा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून साचा चालवायला शिकला. त्या रीतीत उणिवा होत्या. गाववाल्याच्या चुकाही मुलगा तशाच उचलत असे. पण तिच्यात एक मोठा गुण होता. न कळलेले दहादा विचारण्याची त्याला लाज वाटत नसे.

आता आजचे प्रशिक्षण पाहा. पत्रकार म्हणून मी एका कारखान्यातील सुरक्षा-वर्गाला बसलो होतो. कोणता कारखाना, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. पडद्यावर इंग्रजी चित्रे, बोलणे हिंदी-इंग्रजी मिश्रित. शेवटी अधिकाऱ्याने विचारले, “समजले का सगळ्यांना?” एकसुरात उत्तर आले, “हो साहेब.” सह्या झाल्या, चहा झाला. बाहेर टपरीवर मी एका मुलाला विचारले, “काय शिकलास?” तो हसला. म्हणाला, “काका, बरंचसं कळलं नाही. पण एक व्हॉल्व्ह रात्रपाळीला घट्ट बसत नाही, ते मला माहीत आहे.” मी विचारले, “मग आत का नाही सांगितलंस?” त्याचे उत्तर मी विसरलेलो नाही. “ते शिकवायला आले होते, ऐकायला नव्हते आले.”

३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार बेपत्ता झाले आणि पुढे शोधपथकांच्या हाती मृतदेह लागत गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु जिथे रसायने आहेत, तिथे ‘हो साहेब’ या दोन शब्दांची किंमत किती असू शकते, याचा विचार आपण करायलाच हवा.

कायद्याने हा विचार केलेला आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. नजीकचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणणे हा कामगाराचा अधिकार ठरला. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समितीवर दोन्ही बाजूंचे समसमान प्रतिनिधी असावेत, असेही ठरले. २०२० च्या संहितेतही कामगाराचा हा अधिकार कायम आहे.

पण कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्षातला अधिकार यांत किती अंतर असते, हे महाडला कुणी सांगायला नको. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. सुरबानाना टिपणीसांसारखे सहकारी त्यांच्यासोबत होते. तळ्यावरचा न्यायालयीन लढा त्यानंतरही १९३७ पर्यंत चालला. त्या संग्रामाची बरोबरी कशाशीही करण्याचे औद्धत्य मी करणार नाही. धडा मात्र घ्यावा. ठराव म्हणजे आरंभ असतो. तो अंगवळणी पडावा लागतो.

उद्योग हे एक कुटुंब आहे, ही कल्पना दत्तोपंत ठेंगडींनी आपल्यापुढे ठेवली. ती मला प्रिय आहे, म्हणूनच तिच्यातला धोकाही सांगतो. आपल्या घरांत थोरल्यांसमोर धाकट्याने गप्प बसावे, अशी रीत असते. तीच रीत कारखान्यात आली, तर कुटुंबभावना मुकी होते. ज्या घरात शेंडेफळालाही “आजोबा, पायरी निसरडी आहे” असे म्हणता येते, ते घर खरे.

तेव्हा पर्यवेक्षक बंधूंना माझ्या तीन विनंत्या आहेत. शिकवणे यंत्राजवळ आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत असू द्या. “समजले का?” असे विचारू नका, “तू मला समजावून सांग” असे म्हणा. आणि धोका आहे म्हणून एखाद्याने काम थांबवले व धोका नाही असे निघाले, तरी त्याला रागावू नका. चारचौघांत त्याचे आभार माना. त्या एका कृतीने जे शिक्षण होईल, ते दहा वर्गांनी होणार नाही.

इथे बसलेल्या माता-भगिनींनाही एक सांगणे आहे. मुलगा किंवा पती पाळीवरून घरी आला की “जेवलास का?” हे आपण विचारतोच. त्यासोबत कधी तरी हेही विचारा : “आज कामावर न कळलेलं काय विचारलंस?” विचारण्याची सवय घरातून लागली, तर ती कारखान्याच्या दारात थांबणार नाही.