आधी मेलची सनद तपासा
(घरून अनुवादाचं काम करणाऱ्या तरुण-तरुणींच्या शिबिरातील भाषण)



इथे बसलेले बरेच जण उर्दू, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या चारही भाषांत सहज ये-जा करतात. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, आजोबांकडून आलेली तिसरी. आता या भाषांवर घरबसल्या कमाई होऊ शकते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे अनुवाद कसा करावा हे मी तुम्हाला सांगणार नाही. कामाचा मेल आला, तर तो खरा की खोटा हे कसं ओळखायचं, एवढंच आज बोलू.

‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. फ्रीलान्स अनुवादकाला काम अनोळखी माणसाकडूनच मिळतं. तुमचं नाव, भाषा आणि ईमेल तुम्ही स्वतःच प्रोफाइलवर टाकलेलं असतं. गिऱ्हाईक परदेशात असतं, भेट कधी होत नाही, पैसे काम दिल्यावर महिन्या-दीड महिन्याने येतात. ठगालाही नेमकी हीच परिस्थिती सोयीची असते.

पूर्वी सांगत, इंग्रजी चुकीचं असेल तर मेल खोटा समजा. आज एआयच्या मदतीने कुणीही बिनचूक, अदबशीर पत्र लिहू शकतो. आणि आपण भाषेचे लोक, छान भाषा दिसली की विश्वास टाकतो. म्हणून सवय बदलायला हवी.

हदीसच्या अभ्यासात दोन गोष्टी वेगळ्या धरतात. मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे तो मजकूर कुणाकडून कुणाकडे आला याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असो, सांगणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकलं, हे जुन्या मुहद्दिसांनी कसून तपासलं. मेललाही मतन आणि सनद असतात. आपण मतन वाचतो आणि सनद बघतच नाही.

सनद कशी बघायची? पहिली गोष्ट, पाठवणाऱ्याचं नाव वाचून थांबू नका, पूर्ण पत्ता उघडा. नावाच्या जागी मोठ्या कंपनीचं नाव कुणीही लिहू शकतो. पत्त्यात ‘@’ चिन्हाच्या पुढे जे येतं ते डोमेन. ते कंपनीच्या वेबसाइटशी अक्षरन् अक्षर जुळतं का? एखादं अक्षर बदललेलं, मध्ये आडवी रेघ घुसवलेली, ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट को’ असे खेळ चालतात. दुसरी गोष्ट, ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर कुठल्या पत्त्यावर जातंय? मेल कंपनीच्या नावाने आणि उत्तर भलत्याच जीमेलवर, तर तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट, जीमेल कॉम्प्युटरवर उघडून मेलच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत ‘शो ओरिजिनल’ निवडा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी दिसतील. त्यापुढे ‘फेल’ असेल तर पाठवणारा दुसऱ्याचं डोमेन वापरत असण्याची दाट शक्यता. पण ‘पास’ म्हणजे माणूस प्रामाणिक, असं समजू नका. मेल त्या डोमेनवरून आला, एवढंच ते सांगतं. डोमेन ठगानेच विकत घेतलेलं असेल, तरी ‘पास’च दिसेल. म्हणून ‘हूइज’ शोधात ते डोमेन कधी नोंदलं गेलं ते पाहा. कंपनी म्हणते वीस वर्षं जुनी आणि डोमेन तीन आठवड्यांचं, तर हिशेब जुळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मेलने दाखवलेल्या वाटेने मेल तपासू नका. त्यातली लिंक, त्यातला फोन नंबर बाजूला ठेवा. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा, तिथल्या पत्त्यावर विचारा, ‘हा मेल तुमचाच आहे का?’ प्रोझ या अनुवादकांच्या साइटवर ब्लू बोर्ड आहे. काम देणाऱ्यांविषयी अनुवादक तिथे आपला अनुभव नोंदवतात. तेही चाळा.

सनद झाली, आता मतन. खरं गिऱ्हाईक नेमकं बोलतं: कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, विषय काय, शब्द किती, मुदत कधी, दर काय. खोट्या मेलमध्ये ‘तुमच्या भाषेत’ असं मोघम असतं, कारण तेच पत्र शेकडो जणांना गेलेलं असतं. तुम्ही सांगाल तो दर तो घासाघीस न करता मान्य करतो. पाठवलेल्या मजकुरातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. ते विकिपीडियावर जसंच्या तसं सापडलं, तर हा माणूस अनुवादासाठी आलेला नाही. चाचणीचंही तसंच. दोन-तीनशे शब्दांची चाचणी चालते, पण दहा पानं फुकट मागणारा तुमच्याकडून कामच करून घेतोय.

आता पैसा. तो कुठल्या दिशेला वाहतोय ते बघा. कामाचा पैसा गिऱ्हाइकाकडून तुमच्याकडे यायला हवा. नोंदणी फी, डिपॉझिट, सॉफ्टवेअरचे पैसे, ट्रेनिंगचे पैसे, काहीही मागितलं की बोलणं संपवा. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, तो पैसे देताना लागतो.

दुसरा प्रकार जास्त चलाख. समजा काम ठरलं ९,००० रुपयांचं आणि चेक आला ३०,००० चा. ‘चूक झाली, वरचे २१,००० परत पाठवा.’ परदेशी चेक वटायला आठवडे लागतात. तोवर तुमचे खरे २१,००० गेलेले असतात, आणि मग चेक परत येतो. हल्ली चेकऐवजी पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएस किंवा स्क्रीनशॉटही येतो. एसएमएसवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये खातं उघडून शिल्लक बघा. जास्तीचे पैसे खरंच आले असतील, तर स्वतः परत पाठवू नका, बँकेला लेखी कळवा.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा. ‘आमचे पैसे तुमच्या खात्यावर येतील, पाच टक्के ठेवा, बाकी पुढे पाठवा.’ ते दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले पैसे असतात. तपास सुरू झाला की पहिलं नाव खातेदाराचं, म्हणजे तुमचं निघतं. खातं गोठतं, नोटीस येते. आपल्या मोहल्ल्यातल्या घरी पोलीस चौकशीला आले, तर पुढे काय काय बोललं जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. खातं भाड्याने देऊ नका, मित्रालाही नाही.

कागदपत्रांचं तारतम्य ठेवा. भारतीय कंपनी टीडीएस कापते, म्हणून काम ठरल्यावर पॅन मागणं रास्त आहे. पैसे पाठवायला खाते क्रमांक लागतो, हेही खरं. ओटीपी, कार्डचा नंबर, नेटबँकिंगचा पासवर्ड कुणालाच लागत नाही. आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. सीव्हीवर जन्मतारीख आणि घरचा पत्ता लिहू नका. अनुवादकांचे सीव्ही चोरून, त्यावर आपला ईमेल टाकून काम मिळवणाऱ्या टोळ्या आहेत. त्या मशीनने केलेला अनुवाद खपवतात आणि बदनामी तुमच्या नावाची होते. अधूनमधून आपलं नाव इंटरनेटवर शोधून बघा.

एवढं करूनही कुणी फसलं तर? ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही त्याच वेळी कळवा. पैसा खात्यातून खात्यात झपाट्याने पुढे सरकतो, तासाभरात कळवलं तर तो अडवण्याची शक्यता जास्त. मेल, चॅट, पावत्या, काहीही डिलीट करू नका. टायपिंग किंवा डेटा एंट्रीच्या कामात ‘चुका झाल्या, नुकसानभरपाई द्या’ म्हणत व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नका, ती नोटीस एखाद्या खऱ्या वकिलाला दाखवा.

शेवटचं बोलणं घरातल्या मोठ्यांसाठी. बऱ्याच मुलींना हे काम मोठ्या मिनतवारीने करायला मिळालेलं असतं. फसवणूक झाली तर ‘पुरे झालं आता, लॅपटॉप बंद कर’ हेच ऐकावं लागेल, या भीतीने त्या गप्प राहतात. त्या गप्प राहिल्या की १९३० ला फोन करायचा तो तास निघून जातो. अब्बांनी, भाईजानांनी आजच घरी सांगून ठेवावं: काही झालं तर आधी आम्हाला सांग, काम बंद होणार नाही. पासवर्डपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगाचं आहे.

आता मोबाइल काढा. गेल्या महिन्यात आलेला कामाचा एक मेल उघडा आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा. इथूनच सुरुवात करू.