फवारणीचे विष आणि त्यावरील उतारा



या व्याख्यानमालेत आम्ही वैद्यकावर बोलणार असे कळताच आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "भाऊ, तुम्ही डॉक्टर केव्हा झालात?" प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु ज्याच्या अंगावर विष पडते त्याने त्या विषाची ओळख करून घेऊ नये, असा नियम काही आमच्या वाचनात आलेला नाही.

आपल्या मुलखात पऱ्हाटीवर फवारतात त्यासही औषध म्हणतात, आणि दवाखान्यात टोचतात त्यासही औषधच. यांतल्या पहिल्या औषधाने २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यांत पडून होते. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. पंपाची नळी वर धरावी लागे आणि फवारा उलटून तोंडावर येई. पुढे सरकारने पाच कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबविली. ज्या जिल्ह्यांत थांबविली त्यांत आपला वाशीमही होता.

त्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट सांगतो. एका रोजंदाराला आम्ही स्वतः जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले होते. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी पहिले विचारले, "बाटली कुठे आहे?" बाटली धुऱ्यावरच राहिली होती आणि मालकाला तिचे नाव आठवेना. इंजेक्शने सुरू झाली. रात्री तो बरळू लागला, हात झाडू लागला, पहाटे गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक कडक पत्रक काढले: इंजेक्शनाने माणसास वेड लागले, डॉक्टरांनी त्यास मारले. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. मग या विषयावर वाचू लागलो, आणि ते पत्रक साफ चुकीचे होते असे दिसून आले.

ते कसे, हे समजण्यासाठी विष काय करते ते पाहिले पाहिजे. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याच्या द्वारे. हुकूम पोहोचला की ते द्रव्य लगेच मोडून टाकणारे एक विकर तेथे असते. त्याचे नाव कोलिनएस्टरेज. बाजारातला ओटा डोळ्यांपुढे आणा. गाड्या येतात, पोती उतरतात, आणि हमाल ती उचलून ओटा मोकळा करतो. त्या हमालाचेच हात बांधले तर? पोत्यांवर पोती पडतात आणि सारा व्यवहार कोंडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक नेमके हेच करते. लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, छातीत पाणी भरते, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. किडीचे मरण आणि माणसाचे मरण यांत तत्त्वाचा फरक नाही. १९३६ साली जर्मनीत श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडीवरचेच औषध शोधीत होता आणि त्याच्या हाती टाबून हा युद्धातला विषारी वायू लागला, तो उगीच नव्हे.

यावरचा पहिला उतारा वनस्पतीतून आला. बेलाडोना नावाच्या झुडपातून १९ व्या शतकात ॲट्रोपीन वेगळे काढले गेले. महादेवाला आपण वाहतो तो धोतरा त्याच कुळातला, आणि वांगी-मिरचीही त्यातलीच. (म्हणून कोणी धोतरा वाटून पाजू नये, त्यात मात्रेचा अंदाजच नसतो आणि तो स्वतःच जीव घेतो.) ॲट्रोपीन हमालाचे हात सोडवीत नाही, ते पोती उतरण्याची जागाच अडविते. मात्रा थोडी अधिक झाली की रोगी बरळतो. म्हणजे आमच्या रोजंदाराचे बरळणे ही औषध चुकल्याची खूण नव्हती. चुकले होते ते वाटेत गेलेले तास.

हात सोडविणारे औषध, प्रॅलिडॉक्सिम, १९५५ च्या सुमारास अमेरिकेत निघाले. पण ते वेळेवर दिले पाहिजे. उशीर झाला की विष विकराशी कायमचे जखडते. हे औषध द्यावे कसे, यावर आपल्या महाराष्ट्रातच मोठे काम झाले. बारामतीच्या डॉ. कीर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम तीव्रतेच्या २०० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकास दर चार तासांनी एक ग्रॅम, दुसऱ्यास अठ्ठेचाळीस तास सतत, दर तासाला एक ग्रॅम. पहिल्या गटात आठ दगावले, दुसऱ्यात एक. २००६ साली हे लॅन्सेट साप्ताहिकात छापून आले. पुढे २००९ साली श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र या औषधाचा गुण दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि आम्हांस त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही; पत्रक काढण्याआधी आम्हीही असेच तपासावयास हवे होते. २०१२ साली बांगलादेशातून जे प्रसिद्ध झाले ते तर मजुराने पाठ करावे असे आहे. औषध तेच जुने ॲट्रोपीन. फक्त मात्रा झपाट्याने वाढवीत नेली आणि नंतर सलाइनमधून चालू ठेवली, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा २२ वरून ८ वर आले.

परंतु या चाचण्यांतले बहुतेक रोगी विष प्यालेले होते. फवारणारा मजूर पीत नाही. ते त्याच्या कातडीतून रोज थोडे थोडे मुरते. विकर निम्म्यावर आले तरी तो कामावर असतो, आणि एके दिवशी कोसळतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून यासाठी व्यवस्था आहे: हंगामापूर्वी मजुराच्या रक्तातील कोलिनएस्टरेज मोजून ठेवतात, हंगामात पुन्हा मोजतात, आणि ते ठरावीक मर्यादेखाली उतरले की त्यास फवारणीवरून काढतात. पहिली मोजणी आवश्यकच, कारण हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की फवारणाऱ्याचे नाव कोठल्याच वहीत नसते. आज या मालकाकडे, उद्या त्या. आरोग्य केंद्रातल्या संगणकात रोग्याची नोंद होते. तो रोगी होण्यापूर्वीची होत नाही. बोटाच्या एका थेंबावर ही तपासणी करणारी, हातात मावणारी यंत्रे निघालेली आहेत. तेव्हा येत्या ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, फवारणी करणाऱ्यांची नावे तांड्या-तांड्यावर जाऊन लिहून घ्यावयाची आणि ती यादी घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जावयाचे असे आम्ही ठरविले आहे. लिहिता येणारी दहा-बारा मुले त्यासाठी हवी आहेत. सभा संपल्यावर आम्ही दाराशीच उभे राहू.