पंप कोणाच्या पिशवीत?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात परळ येथे केलेले भाषण)



बक्षीससमारंभात शिक्षकाने यशाचा मार्ग सांगावा, असा रिवाज आहे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते आणि नोकरी प्राथमिक शाळेतली. तेव्हा यशाचा राजमार्ग आम्हांस ठाऊक नाही. ठाऊक आहे तो लालबाग ते पेण हा रस्ता. १९७६ च्या जानेवारीत एका दिवसात तो आम्ही सायकलीवरून कापला. त्याचीच हकिकत सांगावयाची आहे.

आम्ही तिघे मित्र एकाच चाळीतले. तिघांचेही वडील गिरणीत. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. भूदानासाठी ज्यांनी देश पायी पालथा घातला, त्यांचे गाव पाहावे असे मनाने घेतले. भाड्याच्या तीन सायकली, भाकरी, लसणाची चटणी, हवेचा एक पंप आणि पंक्चरची डबी एवढेच सामान. पंप व डबी आमच्या पिशवीत होती, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

पहाटे पाचला निघालो. शीव, चेंबूर, मानखुर्द मागे पडले आणि ठाण्याच्या खाडीवरील पुलावर फटफटले. हा पूल १९७३ मध्ये खुला झाला. तत्पूर्वी पनवेलास जाणाऱ्याला ठाण्यावरून वळसा पडे. पनवेल मागे टाकून गोव्याचा रस्ता धरला. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागला आणि चढ सुरू झाला. आमचा तिसरा सोबती अंगाने किरकोळ, आणि सर्वांत जुनी सायकल त्याच्याच वाट्याला आलेली. तो मागे पडला. "येईल मागून," असे म्हणत आम्ही दोघे खिंड चढून गेलो. पुढे उतार लागला, वारा कानांत भरला, आणि मागे वळून पाहण्याचे भानच राहिले नाही.

पेणला दोन तास वाट पाहिली. तो येईना, तेव्हा उलटे फिरलो. खिंड उतरल्यावर बऱ्याच अंतरावर तो दिसला. मागचे चाक बसलेले. भर उन्हात सायकल हाताने ढकलीत येत होता. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पंप तुझ्याकडे होता रे."

गागोदे राहिलेच. देश पायी चालणाऱ्याचे गाव पाहावयास निघालेल्यांनी सोबतीच वाटेत टाकला, मग ते गाव कोणत्या तोंडाने पाहणार? सायंकाळी पेणजवळ एका शेतकऱ्याने पोपटी लावली होती: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि भोवती जाळ. त्याने आम्हांस बोलावून पोटभर खाऊ घातले व पडवीत निजावयास जागा दिली. शेंगा गोड होत्या. आमच्या घशाखाली मात्र उतरत नव्हत्या.

एवढ्यावर शहाणपण आले असते तर ही कथा येथेच संपती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आमचा तो सोबती तेव्हा गिरणीत बदली कामगार होता. महिने लोटले, भांडी विकली गेली आणि ते कुटुंब गावी निघून गेले. त्याच्या धाकट्या भावाची शाळा आठवीतच सुटली. आम्ही त्याच चाळीत राहणारे, पेशाने शिक्षक, पहिल्या तारखेस पगार घेणारे! तरी मुलाच्या शाळेचे काय झाले, हे आम्ही विचारले नाही. फार वर्षांनी कळले. दुसऱ्या वेळीही पंप आमच्याच पिशवीत होता.

बंधुभगिनींनो, आज सत्कार झालेल्या मुलांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु जी नापास झाली, ज्यांनी शाळा सोडली, त्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत नसतात. मंडळाचा विद्यार्थी निधी हाच आपला पंप. तो पुढच्याच्या पिशवीत राहून काय उपयोग? आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, बक्षिसांइतकीच रक्कम अशा मुलांच्या फीसाठी व पुस्तकांसाठी ठेवावी आणि त्यांच्या घरी जाऊन नावे आणावीत. दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आम्ही विनामूल्य शिकवू. दोनच मुले आली तरी चालेल.

आणि विद्यार्थ्यांनो, खिंड चढून गेल्यावर उतार लागतो, तेव्हा एकवार थांबून मागे पाहा. मागे राहिलेला आपलाच असतो.