टेबलावरची लढाई, नवख्यांसाठी

बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, टेबलावर मांडलेल्या टेकड्या, फासे आणि मोजपट्टी, एवढ्यावर लढाईचा एक खेळ चालतो. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्याचे नियम लिहिले. पायदळाने एका डावात फूटभर सरकायचं, घोडदळाने दोन फूट, आणि स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा प्रत्यक्ष झाडायचा! आज इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा 'वॉरहॅमर ४०,०००' जगभर खेळला जातो. तो १९८७ चा. त्याचं नियमपुस्तक मात्र चांगलंच जाडजूड आहे.

म्हणूनच नवख्याला खेळ दाखवताना ते पुस्तक मिटलेलंच बरं. दोन्ही बाजूंना पाच-सात सैनिक पुरे. लहान टेबल, मध्ये एखादी पडकी भिंत. सैनिक रंगवलेले हवेत, कारण माणूस थबकतो तो आधी रंग बघून. मग लगेच त्याच्या हातात फासे द्यावेत. सरकणं, नेम धरणं, मारा चुकवणं, जो नियम जेव्हा लागेल तेव्हाच सांगावा. भिंतीआड लपल्याचा फायदा सांगायचा तो कुणी खरंच भिंतीआड गेल्यावर.

दाखवणाऱ्याने जिंकायची हौस आवरावी. पण मुद्दाम हरूही नये, ते समोरच्याला लगेच कळतं. चाल सुचवायची तर दोन पर्याय ठेवावेत, निर्णय त्याचा. पाऊण तासात निकाल दिसू लागला की थांबावं. उरलेले प्रश्न तो स्वतःच विचारतो, आणि पहिला बहुधा रंगांबद्दलचा असतो.